दख्खनचा घोडा: देवगिरीपासून माळेगावपर्यंत

दख्खनचा स्वतःचा असा घोडा कोणता? छत्रपती संभाजीनगरात बसून हा प्रश्न विचारला, तर आधी परक्या घोड्यांची मोठी रांग ओलांडावी लागते. देवगिरीचे यादव, दौलताबादेत राजधानी आणणारा तुघलक, निजामशाही, मोगल, हैदराबादचे निजाम आणि शेवटी इंग्रज, या साऱ्यांच्या पागा या टापूत होत्या. त्यांत अरबी, इराकी, तुर्की घोडे होते. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियाहून बोटीने आलेले वेलरही त्यांत आले. या उंच, महागड्या जनावरांबद्दल प्रवाशांनी आणि दरबारी लेखनिकांनी भरभरून लिहून ठेवले. ज्या बुटक्या, काटक तट्टाने या डोंगराळ, दुष्काळी मुलखात पिढ्यान्पिढ्या माणूस आणि ओझे वाहिले, त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद व्हायला मात्र २०२३ साल अखेरीस यावे लागले. तेव्हा ‘भीमथडी’ ही देशातली आठवी नोंदणीकृत घोड्याची जात ठरली. तिचा टापू सांगितला जातो तो मुख्यतः पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर असा. गोदावरीकाठच्या, म्हणजे आमच्या गंगथडीच्या तट्टांचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. माझ्या मते दख्खनच्या घोड्याचा प्रश्न अजून अर्धाच सुटलेला आहे.

इतिहास मागे नेला तर पैठणपासून सुरुवात करावी लागते. सातवाहनांच्या नाणेघाटातल्या लेखात अश्वमेधाचा आणि यज्ञदक्षिणेत दिलेल्या घोड्यांचा उल्लेख आहे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात सिंहल-अवदानाचे प्रचंड चित्र आहे. त्यात राक्षसिणींच्या बेटावरून सिंहलाला सोडवणारा पांढरा उडता घोडा आहे, आणि पुढे हत्ती-घोड्यांसह निघालेली फौजही आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्याने ‘मानसोल्लास’ रचला. त्यात घोड्यांची पारख आणि घोड्यावरून खेळायचे चेंडूचे खेळ यांना जागा दिली आहे. घोड्याची जाण इथे जुनी होती, हे यावरून कळते. पण मोठा लढाऊ घोडा इथे पुरेसा पैदा होत नव्हता. काळ्या जमिनीत ज्वारी-कपाशी पिकत होती, माळरानावरचे गवत पावसाळ्यानंतर चार महिन्यांत वाळून जात होते. उंच घोड्याला वर्षभर लागणारा सकस चारा या मुलखाने कधी पुरवलाच नाही. म्हणून तो समुद्रावरून आणावा लागला.

या आयातीची व्याप्ती आज थक्क करते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राजाबद्दल लिहिले आहे की त्याने चाच्यांशी करारच केला होता. जहाजावरचा सारा माल चाच्यांचा, घोडे मात्र राजाचे. तमिळ किनाऱ्यावर दरसाल हजारो घोडे उतरतात आणि बहुतेक मरतात, कारण त्यांची निगा राखणारे आणि नाल मारणारे तिथे कोणी नाहीत, हेही त्याचेच निरीक्षण. पुढे बहमनी काळात हा व्यापार चौल-दाभोळमार्गे वर चढू लागला. १४७० च्या आसपास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरला पोचला. तिथल्या असदखानाने घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो, असे सांगितले. एका खुरासानी माणसाच्या मध्यस्थीने निकितिनला घोडा परत मिळाला आणि पुढे तो बीदरला गेला. इथे घोड्यांना कडधान्य आणि साखर-तेल घातलेली खिचडी चारतात, याची त्याने आश्चर्याने नोंद केली. बीदरपासून काही मजलांवर एका पिराच्या जत्रेत वीस हजार घोडे विकायला येतात, असेही तो लिहितो. हे ठिकाण म्हणजे आजचे आळंद असावे, असे मानतात. देवस्थानाची जत्रा आणि घोड्यांचा बाजार यांची जोडी आपल्याकडे किती जुनी आहे, याचा हा भक्कम पुरावा आहे. पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यावर याच व्यापाराची मक्तेदारी धरली आणि विजयनगर व विजापूर या दोघांनाही आपल्या दारात उभे केले.

घोडा परका असला की त्यावर उभे राहिलेले राज्यही व्यापाऱ्याच्या मर्जीवर राहते. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी काही हजार स्वार घेऊन विंध्य ओलांडून देवगिरीवर आला. रामचंद्रदेवाची मुख्य फौज तेव्हा राजधानीपासून दूर होती आणि दक्षिणेतल्या सर्वांत मजबूत किल्ल्याला खंडणी मोजावी लागली. तो विजय स्वारांच्या वेगाचा होता. पुढची तीनशे वर्षे दख्खनच्या राज्यकर्त्यांनी त्यावर जो उपाय केला, तो आणखी अरबी घोडे विकत घेण्याचाच.

हे चित्र बदलणारा माणूस म्हणजे निजामशाहीचा वजीर मलिक अंबर. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच आजचे आपले शहर. समोर मोगल होते आणि मोगलांची पागा देशात सर्वांत श्रीमंत होती. ‘आइन-ए-अकबरी’त घोड्यांच्या सात प्रती दिल्या आहेत: अरबी, इराकी, मुजन्नस, तुर्की, याबू, ताजी आणि जंगला. देशी जनावरे त्यात शेवटच्या पायऱ्यांवर. मनसबदाराची इभ्रत त्याच्या घोड्याच्या प्रतीवर मोजली जाई, आणि फसवणूक होऊ नये म्हणून घोड्याला डाग दिला जाई. मलिक अंबराने या शर्यतीत उतरायचेच नाकारले. त्याच्याकडे मराठे सरदार होते आणि त्यांच्याकडे हलकी, याच मुलखात वाढलेली तट्टे होती. रसद तोडायची, रात्री छापा घालायचा, मोगल फौज मैदानात मांडली की घाटात नाहीसे व्हायचे. १६२४ मध्ये भातवडीला त्याने तलाव फोडून मोगल-आदिलशाही छावणीत चिखल केला आणि मग मोठ्या फौजेचा पाडाव केला. शहाजीराजे या लढाईत होते. वेरूळच्या भोसले घराण्यातले त्यांचे बंधू शरीफजी याच लढाईत पडले.

शिवाजी महाराजांनी याच युद्धपद्धतीला शिस्तीची जोड दिली. सभासदाच्या बखरीत पागेची रचना दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. बारगीर सरकारी घोड्यावर चढे, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. मार्को पोलोचे मत वाचल्यावर या नालबंदाचे मोल कळते. पाणी आणि खूर या दोन गोष्टी सांभाळल्या की घोडा चालतो, हे ज्याने ओळखले त्याने पागेचा पाया ओळखला.

१६७० च्या दशकात चिपळूणजवळ छावणीला असलेल्या घोडदळाच्या अंमलदारांना महाराजांनी पाठवलेले पत्र प्रत्येक अश्वपालकाने वाचावे असे आहे. दाणा-वैरण पावसाळाभर पुरवून वापरा. आताच उधळलीत तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल. रयतेच्या घरून गवताची काडीही घेऊ नका. रात्री दिवा पेटता ठेवू नका, उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, मग चाऱ्याबरोबर सगळी पागा जाईल. पुढच्या तीन-चार महिन्यांचा चारा डोळ्यांसमोर ठेवून राज्यकर्त्याने लिहिलेला असा मजकूर मला दुसरीकडे दिसलेला नाही. दुष्काळी मुलखात घोडा जगवणे म्हणजे आधी वैरण जगवणे, ही यातली मुख्य गोष्ट.

आता या तट्टाकडे जवळून पाहू. पोनीच्या मापाचे, म्हणजे ५८ इंचांच्या आतले हे जनावर. अंग आटोपशीर, छाती रुंद, पाय आखूड आणि मजबूत, खूर इतके टणक की खडकाळ रानातही बरेच दिवस नालेवाचून निभावते. रंग बहुधा कुमेत, तांबडा किंवा सब्जा; अबलखही दिसतात. कडबा, बांधावरचे गवत आणि मूठभर हरभऱ्याची चंदी यांवर ते दिवसभर चालते. उन्हात लवकर थकत नाही, घाटात पाय चुकत नाही. समुद्रावरून आलेल्या अरबी आणि तुर्की घोड्यांचे रक्त स्थानिक तट्टांत मिसळत गेले आणि त्यातून भीमा-नीरा-माणच्या काठची घोडी नावारूपाला आली. ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास लिहिताना भीमा आणि माण नद्यांच्या काठच्या घोड्यांची वाखाणणी केली आहे. मराठ्यांचे स्वार अटकेपर्यंत गेले तेव्हा त्यांच्यातल्या सामान्य शिलेदाराखाली बहुतांशी असलेच जनावर होते. सरदारांच्या मांडीखाली अरबी असतील, पण फौज सरदारांवर चालत नाही.

मग हा घोडा मागे का पडला? त्याचे पहिले ठळक चिन्ह आपल्याच टापूत, जालना जिल्ह्यातल्या आसईला दिसते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी इथे लढाई केली. शिंद्यांची भिस्त आता युरोपीय अधिकाऱ्यांनी तयार केलेल्या कवायती पायदळावर आणि तोफखान्यावर होती. तोफांनी इंग्रजांचे भयंकर नुकसान केले, पण हजारोंच्या संख्येत उभे असलेले मराठा घोडदळ निर्णायक क्षणी फारसे उपयोगी पडले नाही. जे घोडदळ रसद तोडण्यासाठी आणि शत्रूला थकवण्यासाठी घडले होते, त्याला जागेवर मांडून उभे केले की त्याचा गुणच नाहीसा होतो. वेलस्लीचा एक घोडा या लढाईत मारला गेला. दुसरा, डायोमेड नावाचा अरबी, भाल्याने जखमी होऊन हरवला आणि नंतर परत सापडला. इंग्रजांनी त्या घोड्याचे नाव जपले. मराठ्यांच्या बाजूने पडलेल्या तट्टांतले एकही नाव उरले नाही.

१८१८ मध्ये पेशवाई गेली, फौजा मोडल्या आणि शिलेदाराला घोडा ठेवण्याचे कारण उरले नाही. माझ्या मते दख्खनी घोड्याला सर्वांत मोठा फटका या गोष्टीने बसला. माळ नांगराखाली गेले, सडका आणि रेल्वे आली, दुष्काळ येतच राहिले. इंग्रज सरकारने दख्खनमध्ये अरबी वळू ठेवून पैदास सुधारण्याचे प्रयत्न केले. पण त्यांना हवा होता उंच, जड जिनाचा भार वाहणारा रिसाल्याचा घोडा. तो शेवटी न्यू साउथ वेल्सहून येऊ लागला, म्हणून त्याचे नाव वेलर. औरंगाबादची छावणी, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, हिंगोली, या सगळ्या हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाच्या जागा. १८५७ च्या जूनमध्ये औरंगाबादेत याच घोडदळातल्या स्वारांनी कूच करायला नकार दिला आणि तो उठाव चिरडायला पुण्याहून फौज आली. कंटिंजंटच्या रिसाल्यांतूनच पुढे ‘डेक्कन हॉर्स’ उभी राहिली. १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत फ्रान्समधल्या हाय वूड इथे तिच्या स्वारांनी भाले रोखून चाल केली. शिलेदारी पद्धत, म्हणजे स्वाराने घोडा स्वतः आणायची रीत, इंग्रजांच्या हिंदी रिसाल्यांत १९२१ पर्यंत टिकली. मग घोड्यांच्या जागी रणगाडे आले. १९६५ मध्ये असल उत्तरला डेक्कन हॉर्स शर्मन रणगाड्यांवर लढली. रेजिमेंट आजही आहे. तिच्या नावात घोडा आहे, दख्खन आहे.

देशातल्या इतर नोंदणीकृत जातींकडे इथे धावतीच नजर टाकतो. भूतिया, स्पिती आणि झांस्करी ही हिमालयातली, उंचीवरच्या विरळ हवेत ओझे वाहणारी लहान घोडी. मणिपुरी पोनी पोलोची. कच्छी-सिंधी वाळवंटातला आणि चालीला सुखद. काठियावाडी आणि मारवाडी यांचे आत वळलेले, टोकांना एकमेकांना भिडणारे कान ही त्यांची सगळ्यांना माहीत असलेली खूण. या दोहोंतल्या मारवाडीकडून आपण शिकावे. विसाव्या शतकात तोही मोडकळीला आला होता. जोधपूरच्या राजघराण्याने त्याची पैदास हाती घेतली, पुढे पालकांच्या संस्था झाल्या, वंशनोंदी आणि प्रदर्शने सुरू झाली. आज मारवाडीच्या शिंगराला जो भाव मिळतो, त्यामागे हे अनेक वर्षांचे लिखापढीचे काम आहे.

महाराष्ट्रातले बाजार आज याच मारवाडी-काठियावाडी घोड्यांनी आणि पंजाबकडच्या पांढऱ्या नुकऱ्यांनी भरलेले असतात. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला भरणारा बाजार सर्वांत प्रसिद्ध. तिथे देशभरातून घोडे येतात, चालीचे आणि नाचाचे फड रंगतात, वर्तमानपत्रांत लाखांचे आकडे छापून येतात. मराठवाड्याचा स्वतःचा बाजार म्हणजे नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा. खंडोबा हा घोड्यावर बसणारा देव, नवसाला घोडा वाहिला जाणारा देव, आणि त्याच्याच दारात घोडे, गाढवे, उंट विकायला उभे राहतात. गिऱ्हाईक काय पाहते? उंची, रंग, चाल आणि भोवरा. कपाळावरचा किंवा छातीवरचा भोवरा शुभ की अशुभ यावरून किंमत हजारांनी वरखाली होते. चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेल्या पंचकल्याणीला जास्त भाव, भोवरा ‘खोटा’ निघाला तर चांगले निरोगी जनावरही पडून राहते. भोवऱ्याचा आणि घोड्याच्या गुणाचा काही संबंध नाही. खूर पाहावेत, दात पाहावेत, श्वास ऐकावा, चालवून लंगड तपासावी. हे सगळे जुने जाणकार करतात. नव्या हौशी गिऱ्हाइकाने त्यांच्याकडून ते शिकून घ्यावे. या बाजारात बुटक्या तट्टाला मान नाही. त्याला ‘ओझ्याचं’ म्हणतात आणि भाव पाडतात.

आणि तरीही जिथे खरे काम आहे, तिथे हेच तट्टू आहे. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन खाली उतरणाऱ्या धनगरांच्या वाड्यावर पाहा. बिऱ्हाड, भांडी, नुकतीच जन्मलेली कोकरे, खुराड्यातल्या कोंबड्या, कधी लहान मूल, सगळे घोडीच्या पाठीवर. भीमथडी आज टिकली असेल तर ती मुख्यतः या फिरस्त्या मेंढपाळांमुळे. संशोधकांना मोजमापासाठी, रक्ताच्या नमुन्यांसाठी त्यांच्याच वाड्यांवर जावे लागले. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने आणि बारामती परिसरातल्या घोडापालकांनी मिळून हे काम पुरे केले, याबद्दल महाराष्ट्राने त्यांचे ऋण मानले पाहिजे. या जातीची संख्या पाच हजारांच्या आसपास सांगितली जाते.

बाकीचे उपयोग विखुरलेले आहेत. लग्नाच्या वरातीला घोडी लागते. माथेरानात मोटारींना मनाई असल्याने घोडा अजून पोट भरतो. जुन्नर-खेडकडच्या बैलगाडा शर्यतीत बैलांपुढे घोडीस्वार धावतो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये शर्यतींचा कायदा वैध ठरवला, त्यामुळे या घोड्यांचे कामही टिकले. आषाढी वारीत माउलींच्या पालखीपुढचे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतात आणि रिंगणात धावून गेल्यावर त्यांच्या टापांखालची माती वारकरी कपाळाला लावतात. पुण्या-मुंबईच्या शर्यतींचा थरोब्रेड हे वेगळेच जग आहे. तीन आयात वळूंपासून इंग्लंडात घडलेली ती जात, तिचा पैसा वेगळा, तिच्या पागा वेगळ्या. दख्खनी तट्टाशी तिचा काही संबंध नाही.

एक उपयोग मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो आणि मराठवाड्याच्या शेतकऱ्याशी तो थेट जोडलेला आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषाविरुद्ध सरकारी दवाखान्यात टोचले जाणारे प्रतिविष घोड्याच्या रक्तातून येते. घोड्याला विषाचे अगदी थोडे, वाढते डोस देतात. त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. रक्त काढून त्यातला द्रव वेगळा करतात आणि तांबड्या पेशी घोड्याला परत देतात. मुंबईच्या हाफकिनने हे काम अनेक दशके केले आहे. ऊस तोडताना, कापूस वेचताना साप चावलेली जी माणसे या प्रतिविषाने वाचली, त्यांच्या अंगात घोड्याच्या रक्तातली प्रतिपिंडे गेलेली आहेत.

आता आकडा. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाखांच्या आसपास घोडे आणि तट्टे होती. २०१९ मध्ये ती साधारण ३ लाख ४० हजारांवर आली. सात वर्षांत ४५ टक्क्यांहून अधिक घट. गाढवांची घट त्याहून भीषण, साठ टक्क्यांवर. वीटभट्टीवर ट्रॅक्टर आला, टांग्याच्या जागी रिक्षा आली, हे खरे. पण ज्यांच्याकडे अजून जनावर आहे त्यांना दवाखाना नाही, हेही खरे. गावच्या पशुवैद्यकाला गाय-म्हैस रोजची, घोडा वर्षातून एकदा. पोटशूळ, पावसाळ्यात माश्यांमुळे पसरणारा सर्रा, यांत वेळेवर औषध मिळाले नाही तर घोडा हातचा जातो. ग्लँडर्स निघाला तर कायद्याने जनावर मारावेच लागते. तो माणसालाही होतो, म्हणून तो नियम योग्य आहे. पण एकाच घोडीवर संसार चालवणारा माणूस भरपाईची खात्री असल्याशिवाय तपासणीला का पुढे येईल?

भीमथडीची नोंद हे मोठे यश आहे आणि ते अपुरे आहे. अपुरे अशासाठी की कागदावरची जात वाचवायला पाळणारा माणूस लागतो. त्याच्या चराईच्या वाटा बंद होत असतील, घोडीला वळू म्हणून उंच मारवाडीच दाखवला जात असेल, तर दोन पिढ्यांत नोंद उरेल आणि जात जाईल. शुद्ध भीमथडी वळू तालुक्यापर्यंत उपलब्ध करणे, धनगर पालकांच्या घोड्यांची वंशनोंद ठेवणे, बाजारात तट्टांसाठी चालीचे आणि सहनशक्तीचे वेगळे फड भरवणे, एवढे केले तरी भाव वाढेल, आणि भाव वाढला की पाळणारा टिकेल. मारवाडीच्या बाबतीत हेच झाले.

मराठवाड्यापुरते आणखी एक काम आहे. पैठण, गंगापूर, वैजापूर, अंबड, परळीकडे मेंढपाळांच्या आणि भटक्यांच्या बिऱ्हाडांबरोबर फिरणारी तट्टे भीमथडीच आहेत, की गोदाकाठचा काही वेगळा वाण त्यांच्यात शिल्लक आहे, हे मोजमापाशिवाय आणि रक्ततपासणीशिवाय ठरणार नाही. त्यासाठी दूर जायची गरज नाही. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालये आहेत, माळेगाव दोन्हींच्या आवाक्यात आहे. दरवर्षी मार्गशीर्षात शेकडो पालक आपली जनावरे घेऊन तिथे आपणहून येतात. महाविद्यालयांनी आणि पशुसंवर्धन खात्याने येत्या यात्रेत तिथे तंबू टाकावा, मोफत तपासणी करावी आणि प्रत्येक तट्टाची उंची, रंग, खूर आणि गाव वहीत लिहून घ्यावे.